बडोद्यात उडालेला गोळा

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला बडोदं परकं वाटत नाही. कुणाची आत्या तिथे दिलेली असते, कुणाचा भाचा तिथल्या विद्यापीठात शिकत असतो, कुणाला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं असतं. शिवाय ज्यांनी हे शहर घडवलं ते सयाजीराव महाराज मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी ते दत्तक गेले आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केलं. दांडियाबाजारात आजही काही वाड्यांच्या दारांवर मराठी आडनावं दिसतात. भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करणाऱ्या आजीबाई उंबरा ओलांडला की मराठीत बोलू लागतात. त्या मराठीला गुजरातीचा गोड हेल असतो, आणि तो ऐकला की आपण बडोद्यात पोहोचलो असं मला वाटतं.

पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला. लक्ष्मीविलास राजवाडा, सुरसागर, सयाजीबागेतलं संग्रहालय, संध्याकाळी नाकातून पाणी काढणारी सेवउसळ आणि निघताना भाकरवडीचे पुडे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मायलेकी आत्याकडे गेलो तेव्हा हाच बेत होता. पण त्यातला एक अख्खा दिवस गाडीच्या दिव्यात गेला. गेला म्हणजे वाया गेला असं मात्र म्हणवत नाही.

मुलीला पावागड बघायचा होता. चांपानेर-पावागडला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तिथे बऱ्यापैकी गर्दी असते. वाटेत, बडोद्यापासून साधारण चाळीस किलोमीटरवर, हालोल लागतं. इथे १९९६ पासून मोटारी बनतात. आधी जनरल मोटर्सची ओपेल अॅस्ट्रा, मग शेवरोलेच्या गाड्या. एप्रिल २०१७ मध्ये जनरल मोटर्सने हा कारखाना थांबवला, तो एमजी कंपनीने घेतला आणि २०१९ पासून तिथून हेक्टर बाहेर पडू लागली. माझी गाडी या दोन्हींपैकी कुणाचीच नाही. तरी रस्त्याने चकचकीत नव्या गाड्या भरलेले कंटेनर बघताना मुलगी म्हणाली, ‘‘आई, यांचे डोळे बघ कसे तिरपे झालेत. आपल्या गाडीचे बटाट्यासारखे आहेत.’’ संध्याकाळी तिच्या या वाक्याची आठवण येणार होती.

परतताना अंधार पडला. वाड्याच्या बोळात गाडी वळवली तर समोरच्या भिंतीवर प्रकाशाचा एकच गोल पडला. आतोबा ओट्यावर बसले होते. त्यांचं वय एक्याऐंशी, नजर अजून शाबूत. बसल्या जागेवरून म्हणाले, ‘‘अगं, उजवीकडचा गोळा उडाला की तुझा!’’ गुजरातीत बल्बला ‘गोळो’ म्हणतात, त्याचा बडोद्याच्या मराठीत गोळा झाला. बल्ब दोन्ही भाषांत उडतोच.

‘‘त्यात काय, आत्ता बदलू. डिसमिस आण गं,’’ त्यांनी माझ्या मुलीला सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डिसमिस म्हणजे नोकरीवरून काढणं एवढंच तिला ठाऊक. गुजरातेत स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात आणि तसं का म्हणतात हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. आत्याने आतून एक लाकडी पेटी आणली. आतोबांच्या वडिलांची पेटी. ते कलाभवनात शिकलेले होते. त्या पेटीतली हत्यारं आतोबा अजून दर दसऱ्याला तेल लावून पुसतात आणि पुजतात.

आतोबांकडे पूर्वी फियाट होती. तिचा दिवा गोल, सात इंचांचा. अॅम्बॅसॅडरचाही तसाच. कडेची चकचकीत रिंग एका स्क्रूवर बसलेली असे. ती काढली, आतले दोन-तीन स्क्रू सैल केले की दिवा हातात येई. नवा बसवा, रिंग लावा, झालं. हे काम आतोबा पाऊस पडत असताना छत्री धरून करत, असं आत्या सांगते. छत्री अर्थात तीच धरत असणार. असा एकाच मापाचा गोल दिवा अमेरिकेत तर १९४०च्या सुमारापासून कायद्यानेच ठरवला होता. गाडी कुठल्याही कंपनीची असो, दिवा कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळायचा. हा नियम तिथे १९८३ साली सैल झाला आणि मग दिव्यांना हवे ते आकार आले.

बोनेट उघडलं. आतोबांनी विजेरीचा झोत टाकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दिव्याच्या मागे बॅटरी, बॅटरीला खेटून फ्यूजची पेटी, खाली काच धुण्याच्या पाण्याची टाकी. मधल्या फटीत माझ्या मुलीचा हातसुद्धा मनगटापर्यंतच गेला. बोटांच्या टोकाला रबरी झाकण लागत होतं, पण ते ओढायला जागा नव्हती. ‘‘हे बनवणाऱ्याने कधी गोळा बदललेला दिसत नाही,’’ आतोबा म्हणाले आणि पेटी बंद केली.

गाडीचं पुस्तक काढलं. तीनशेच्या वर पानं, सगळी इंग्रजीत. आसनाचा पट्टा कसा लावावा याची चार चित्रं होती. उजव्या दिव्याच्या बल्बबद्दल एकच ओळ होती, ती अशी की अधिकृत विक्रेत्याकडे जावं. सकाळी मी तेही केलं. तिथे थंडगार खोलीत बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की बंपर उतरवावा लागेल, गाडी ठेवून जा, सुट्टीमुळे गर्दी आहे, परवा मिळेल. बल्ब साडेतीनशेचा, मजुरी साडेनऊशे. मला पैशांपेक्षा ‘परवा’ जास्त खटकलं, कारण त्याच दिवशी दुपारी आम्हाला परत निघायचं होतं.

ज्यांनी हा रस्ता रात्रीचा केला आहे त्यांना माझी अडचण कळेल. बडोदं, डभोई, राजपीपळा इथवर ठीक. पुढे नेत्रंग, देडियापाडा, सागबारा आणि मग आपलं अक्कलकुवा. सातपुड्याच्या पायथ्याचा जंगलपट्टा, वळणं, रस्त्याकडेला दिव्याचा पत्ता नाही. एका डोळ्याच्या गाडीतून आपल्याला कमी दिसतं हे तर खरंच. त्याहून वाईट म्हणजे समोरच्याला आपण चुकीचे दिसतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे समोरची गाडी आपल्या उजव्या अंगाने जाते. आपला उजवा दिवा गेला तर समोरच्याला फक्त आपला डावा, लांबचा दिवा दिसतो. त्याला वाटतं, मोटारसायकल येतेय, अगदी कडेने. तो निश्चिंत मनाने आपल्या अंगावर येतो आणि त्याला रिकामी वाटलेल्या जागेत साडेपाच फूट रुंदीचं लोखंड असतं. आपल्या भागात अशा धडकेत गेलेल्या माणसाच्या घरी भेटायला गेलेली मी काही एकटीच नसेन.

आतोबांनी मला प्रतापनगरच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं. दुकान म्हणजे एक शटर, जुन्या बॅटऱ्यांची उतरंड आणि भिंतीवर टांगलेले वायरचे गुंडाळे. दुकानदार पन्नाशीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. त्यांनी गाडीचं नाव ऐकलं, बोनेट उघडायची तसदीही घेतली नाही. ‘‘बेन, स्टिअरिंग पूरं डाबे,’’ एवढंच म्हणाले. मी चाक डावीकडे वळवलं. ते उकिडवे बसले, पुढच्या चाकामागच्या काळ्या प्लास्टिकच्या पडद्याची चार बटणं उपटली, पडदा वाकवला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. नजर रस्त्यावरच्या रहदारीकडे. बोटं आत काहीतरी वाचत होती. रबरी झाकण निघालं, होल्डर सुटला, तारेची क्लिप उघडली आणि काळा पडलेला बल्ब बाहेर आला. नवा बल्ब त्यांनी कागदातच धरून आत नेला. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही. ती काच साधी नसते, क्वार्ट्झची असते, पेटल्यावर कित्येकशे अंश तापते. बोटाचा तेलकट डाग पडला तर तेवढीच जागा जास्त तापून बल्ब लवकर जातो. सगळं काम सतरा मिनिटांत झालं. मुलीने घड्याळ लावलं होतं. मजुरी दीडशे. चाचांच्या मनगटावर पांढरे ओरखडे होते, जुने आणि नवे. ते म्हणाले, पत्र्याच्या कडा लागतात, हातमोजा घातला तर बोटांना कळत नाही.

चहा आला आणि चाचा बोलू लागले. थोडं गुजराती, थोडं हिंदी, आतोबांशी मोडकं मराठी. त्यांचं म्हणणं असं की गाडी पुढून आखूड झाली पण आतलं सामान वाढलं. एसी आला, पॉवर स्टिअरिंग आलं, मोठी बॅटरी आली. धडक बसली तर चेपायला मोकळी जागा लागते, म्हणून उरलेलं सगळं कोपऱ्यात सरकलं आणि दिव्याच्या पाठीशी जाऊन बसलं. पूर्वी एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपरच्या दोन तारा असत. बाजारात त्याला एच-फोर म्हणतात, ६० आणि ५५ वॅटचा. आता बऱ्याच गाड्यांत डिपरला वेगळा बल्ब, अप्परला वेगळा. माझ्या गाडीत डिपरला एच-सेव्हन निघाला. त्यात एकच तार. प्रत्येक गाडीची वाट वेगळी. कुणाची चाकातून, कुणाची एअर फिल्टर काढून, कुणाचा पूर्ण बंपर उतरवून. फ्रान्समधल्या रेनॉच्या मेगान गाडीची चाकातली वाट तर युरोपात बदनामच आहे. तेव्हा हे दुखणं नुसतं आपल्याकडचं आहे असं समजायला नको.

‘‘आणि एलईडीवाल्या?’’ मी विचारलं. चाचांनी हात झटकला. ‘‘एमां तो आखी लाइट ज बदलवी पडे.’’ अनेक नव्या गाड्यांत बल्ब नावाची सुटी वस्तूच नसते. प्रकाश देणारे कण, त्यांना थंड ठेवणारं धातूचं पान आणि चालवणारं सर्किट, सगळं एका बंद डब्यात. बिघडलं की डबा बदला, आणि तो हजारांत जातो. काही गाड्यांत नव्या डब्याची ओळख गाडीच्या संगणकाला करून द्यावी लागते, ते यंत्र चाचांकडे नाही. त्यांच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण चहाचा ग्लास ठेवताना सांगितलं.

तिथून घरी परतताना आतोबांनी गाडी कलाभवनावरून घ्यायला लावली. राजवाड्याला जाणारे हजारो लोक या इमारतीपाशी थांबत नाहीत. लक्ष्मीविलास पूर्ण झाला १८९० साली आणि कलाभवन सुरू झालं तेही १८९० सालीच. एकाच राजाने एकाच वर्षी उभ्या केलेल्या दोन वास्तू. मला विचाराल तर दुसरी मोठी. तिचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर, सुरतेचे रसायनतज्ज्ञ. हे तेच गज्जर, ज्यांनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याचा डाग काढून दिला. १८९६ साली चापेकर बंधूंनी त्या पुतळ्याला डांबर फासलं होतं आणि ते कुणालाच निघत नव्हतं. (डाग काढला याचं कौतुक करावं की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकदा मधली सुट्टी संपली होती.)

गज्जरांचा हट्ट असा की कारागिरी आणि यंत्रविद्या लोकांच्या भाषेतून शिकवायची. रंगाऱ्याच्या, सुताराच्या, लोहाराच्या मुलाला इंग्रजी येईपर्यंत थांबवून ठेवायचं नाही. शिकवायला पुस्तकं नव्हती, तर ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ नावाची मालाच काढली. दादासाहेब फाळके इथे शिकून गेले. सयाजीरावांनी पुढे १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘शासन शब्दकल्पतरू’ आठ भाषांत करवून घेतला, त्याच्यामागेही हीच दृष्टी. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवनाचं रूपांतर तंत्रज्ञान विद्याशाखेत झालं. आज तिथून बाहेर पडणारे इंजिनिअर कुठल्या कुठल्या कारखान्यांत आहेत. कदाचित माझ्या दिव्याच्या पाठीशी बॅटरी ठेवणाराही इथलाच असेल, आतोबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हसू आलं नाही. ज्या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी यंत्राचं पुस्तक माणसाच्या भाषेत हवं असं एका राजाने आणि एका प्राध्यापकाने ठरवलं, त्या शहरात माझ्या मांडीवर तीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक होतं, आणि त्यात गाडीच्या सर्वांत साध्या दुरुस्तीचं उत्तर ‘आमच्याकडे या’ एवढंच होतं. बल्ब बदलणं अवघड झालं हे मी समजू शकते, जागाच नाही. पण चाकातली वाट चार चित्रांत दाखवता आली असती. चाचांना जे बोटांनी कळतं ते कुणीतरी कागदावर मांडायला हवं होतं, आणि ते कंपनीइतकं सहज कुणालाच जमलं नसतं.

युरोपातल्या गाड्यांना लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीत असं कलम आहे की दिव्यातला बल्ब तज्ज्ञाच्या मदतीशिवाय, गाडीसोबत दिलेल्या हत्यारांखेरीज खास हत्यार न वापरता बदलता आला पाहिजे. ज्या दिव्यांत बल्ब सुटा नाही, त्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे एलईडीचा बंद डबा आला की कलमही गप्प. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी अशी चार क्षेत्रं त्यात घेतली आहेत. शेतीची अवजारं पहिली घेतली हे मला आवडलं.

एलईडीला नुसती नावं ठेवणं मात्र खरं नाही. हॅलोजनमध्ये विजेचा बराच मोठा भाग उष्णतेत जातो, प्रकाश थोडाच हाती येतो. एलईडी वर्षानुवर्षं टिकते आणि रस्ता स्वच्छ दिसतो. आतोबाच म्हणाले, फियाटच्या दिव्यात बैल दिसायचा तो ब्रेक लावल्यावर! मग गाडी घेताना करायचं काय? मी तरी पुढच्या वेळी विक्रेत्याला रंग आणि सवलत विचारण्याआधी सांगणार आहे की बोनेट उघडा आणि हा बल्ब बदलून दाखवा. एलईडी असेल तर अख्ख्या दिव्याची किंमत कागदावर लिहून द्या. आणि एक सवय लावून घेतली आहे. रोज संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करताना दोन गोल पडतात का ते बघायचं, डिपरचे आणि अप्परचेही. याला पैसे पडत नाहीत.

चाचांकडून मी एक जास्तीचा एच-सेव्हन घेऊन ठेवला. आत्याने भाकरवडी आणि लीलो चिवडा बांधून दिला. निघता निघता चार वाजले. राजपीपळ्यानंतर अंधारलं. मुलीने एका डोळ्याच्या गाड्या मोजायला घेतल्या. देडियापाड्यापर्यंत नऊ झाल्या आणि ती झोपली.

अक्कलकुव्याला चहाला थांबलो तेव्हा नऊ वाजत आले होते. शेजारी एक पिकअप उभी होती, मागे कांद्याच्या गोण्या आणि गोण्यांवर तिघंजण. चालक पोरगेलासा. त्याचा उजवा दिवा गेला होता आणि दुकानं बंद झालेली. मी डबीतला बल्ब काढून दिला. त्याने तो कागदासकट फिरवून बघितला आणि परत केला. ‘‘हा नाही बसायचा ताई. याला एक तार, माझ्याला दोन.’’ मग त्याने बोनेट उघडलं. पिकअपच्या दिव्यामागे अजून चांगली वीतभर मोकळी जागा असते. त्याने डावीकडचा चालू बल्ब काढला, शर्टाच्या टोकात धरून उजवीकडे बसवला, क्लिप लावली, रबर चढवलं. चहा निवायच्या आत काम झालं. डावा डोळा मिटून पिकअप मोलगीच्या रस्त्याला लागली.